चार मिलिमीटरची तूट

निवृत्तीनंतर मी गोधडी शिवायला घेतली, त्याला निमित्त झाली पोस्टाची तिकिटे. तिकिटे जमवण्याचा छंद मला शाळेपासून आहे. अमेरिकेच्या टपाल खात्याने २००६ साली काढलेला, प्रत्येकी ३९ सेंटच्या १० तिकिटांचा एक संच भाच्याने मला पाठवला होता, आणि तो कित्येक वर्षे माझ्या वहीत नुसताच पडून होता. अलाबामा राज्यातील नदीच्या वळणात वसलेल्या जीज बेंड या खेड्यातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्यांची चित्रे त्या तिकिटांवर आहेत. जीज बेंडच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर टांगल्या गेल्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच गोधड्या शेतात घालून विरलेल्या कामाच्या कपड्यांच्या आहेत, हे मी कोठेतरी वाचले होते. एका दुपारी भिंग घेऊन ती तिकिटे पाहताना मला आमच्या माळ्यावरची ट्रंक आठवली.

मी पिंपरी-चिंचवडमधील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात ३४ वर्षे काम केले. दर वर्षी गणवेशाचे दोन जोड मिळत. जुने झालेले जोड पत्नी पुसायला म्हणून काढून ठेवी, आणि पुसायला इतके कापड कोणत्याच घरात लागत नसल्यामुळे ट्रंक भरत गेली. ट्रंक खाली उतरवून मी पँटी वेगळ्या काढल्या, तेव्हा पत्नीने विचारले, "अहो, आता पुन्हा नोकरीला जाताय की काय?" मी गोधडी शिवणार आहे हे सांगितल्यावर ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मशीनला तेल तुम्हीच घालायचं. आणि माझी कात्री मिळणार नाही."

पहिला धडा कापडाने दिला. पँटी १९ होत्या, पण सगळ्या एका जातीच्या नव्हत्या. सुरुवातीच्या वर्षांत कंपनी गडद निळे सुती ड्रिल देत असे आणि पुढे केव्हातरी तिने टेरीकॉट, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेले कापड, सुरू केले. इतक्या वर्षांच्या धुण्यानंतर दोन्ही हाताला जवळजवळ सारखेच लागत होते, म्हणून प्रत्येक पँटच्या शिवणीतून दोन धागे ओढून मी ते काडीवर जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास देतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिएस्टर मिसळलेला धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. या चाचणीत ८ पँटी पास झाल्या आणि ११ नापास. नापास झालेल्या पँटी मी परत ट्रंकेत टाकल्या. सुती आणि टेरीकॉट एकत्र शिवले तर पुढे धुण्यात एक आटेल आणि दुसरे आटणार नाही, असे माझे म्हणणे होते. ते म्हणणे पुढे आत्याने कसे निकालात काढले, ते ओघात येईलच.

फिक्या रंगासाठी पत्नीच्या जुन्या सुती साड्या आणि एक पांढरी चादर मिळाली. साड्या उजेडासमोर धरून पाहिल्या आणि जेथून पलीकडची खिडकी स्पष्ट दिसत होती तो भाग, म्हणजे बहुधा निऱ्यांच्या घड्यांचा भाग, सोडून दिला. सगळे कापड आधी धुऊन घेतले. एका तांबड्या खणावर माझा डोळा होता. तो ओला करून पांढऱ्या चिंधीखाली ठेवला आणि वरून गरम इस्त्री दाबली, तर चिंधी गुलाबी झाली. खण बाद झाला.

नमुना मी सोपा निवडला. नऊ चौकोनांचा एक ठोकळा, त्यात ५ निळे आणि ४ फिके. क्विल्ट, म्हणजे पाश्चात्त्य धाटणीची गोधडी, करणारे लोक त्याला नाइन पॅच म्हणतात, आणि त्या १० तिकिटांमध्येही एक नाइन पॅच आहे. असा एक ठोकळा आणि त्याशेजारी तेवढाच एक सबंध फिका चौकोन, अशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी ठरली. आडव्या ओळीत ७ आणि उभ्या ओळीत ९, म्हणजे एकूण ६३ घरे. त्यांत ३२ ठोकळे आणि ३१ सबंध चौकोन. लहान चौकोन कापायचा साडेतीन इंचाचा, चारी बाजूंनी पाव इंच शिवणीत गेल्यावर दिसतो तीन इंचाचा. ठोकळा तयार झाल्यावर दिसायचा नऊ इंचाचा आणि पुरी गोधडी व्हायची ६३ बाय ८१ इंचांची. हा हिशेब मी जुन्या सवयीने आलेखाच्या कागदावर काढला आणि खाली तारीख घालून सहीसुद्धा केली.

या प्रकारच्या कामात २८८ लहान चौकोन एकेक कापून जोडत बसायचे नसते, हे कळल्यावर मला फार बरे वाटले. साडेतीन इंच रुंदीच्या लांब पट्ट्या कापायच्या, निळी-फिकी-निळी अशा तीन पट्ट्या लांबीत एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची आणि मग तो जोड आडवा, पुन्हा साडेतीन-साडेतीन इंचांवर कापायचा, म्हणजे प्रत्येक कापाबरोबर तीन चौकोनांची एक तयार ओळ हाती येते. पँटच्या एका पायातून समोरचा आणि मागचा असे दोन भाग निघतात, प्रत्येक भागातून दोन पट्ट्या मिळतात, आणि ३६ इंचांच्या पट्टीतून १० ओळी होतात. गुडघ्याजवळ विरलेल्या पट्ट्या टाकून द्याव्या लागल्या. कापताना पट्टी ताण्याच्या धाग्याला समांतर ठेवणे अत्यंत आवश्यक असते, कारण जराशी उरेब पडलेली पट्टी मशीनखाली रबरासारखी ताणली जाते आणि मग कोणतेच माप खरे राहत नाही.

पत्नीची कात्री मिळणार नव्हती, म्हणून मी रोटरी कटर घेतले. पिझ्झा कापायच्या चाकासारखे दिसणारे हे हत्यार जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ साली प्रथम बाजारात आणले. कापडाचे चार थर ते एका दमात सरळ कापते आणि कापताना कापड उचलले जात नाही, हा त्याचा कात्रीपेक्षा मोठा फायदा आहे. खाली त्याची खास चटई आणि वर जाड पारदर्शक पट्टी लागते. पाते उघडे ठेवून टेबलावर कधीही टाकू नये, हे मी अंगठ्याच्या साक्षीने सांगू शकतो.

पट्ट्या जोडण्याचे काम मला आवडले. पायाखाली पायडल, समोर सरळ टीप, आणि कानाला ओळखीची वाटेल अशी यंत्राची लय होती. शिवणीचे माप मी प्रेसर फूटच्या, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाच्या, उजव्या कडेवरून घेत होतो. इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची आणि उचलायची, नाहीतर चौकोन तिरपे होतात, हे पत्नीने एकदाच सांगितले आणि मी एकदाच विसरलो. शिवणी निळ्या बाजूला दाबत गेलो, म्हणजे दोन ओळी जोडताना एकीची शिवण डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे येते, त्या एकमेकींत अडकतात आणि कोपरे आपोआप जुळतात. दहा दिवसांत ११ ठोकळे झाले. कोपरे इतके नेमके जुळले होते की मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागलो.

बाराव्या ठोकळ्याआधी पहिली ओळ जोडून पाहावी म्हणून एक ठोकळा आणि एक सबंध चौकोन एकमेकांवर ठेवले. सबंध चौकोन साडेनऊ इंचांचा, म्हणजे २४१.३ मिलिमीटर होता. ठोकळा २३७.३ भरला. दुसरा घेतला, तोही २३७. अकराच्या अकरा ठोकळे चार मिलिमीटरने लहान होते. कोपरे जुळत होते, कारण सगळे चौकोन सारखेच चुकले होते. तपासणी खात्यात ३४ वर्षे काढलेल्या माणसाने पहिला नग न मोजता ११ नग काढले, ही गोष्ट मी अजून जुन्या सहकाऱ्यांना सांगितलेली नाही.

कपाटातून व्हर्निअर, म्हणजे बारीक अंतर मोजायचे उपकरण, काढला. सुई खाली करून प्रेसर फूटच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, ते ७ मिलिमीटर निघाले. पाव इंच म्हणजे ६.३५. फरक ०.६५ मिलिमीटरचा, पण शिवण दोन्ही कापडांतून तेवढी जाते, म्हणजे एका शिवणीत १.३ आणि ठोकळ्याच्या रुंदीतील दोन शिवणींत २.६ मिलिमीटर. उरलेल्या १.४ मिलिमीटरचा हिशेब मात्र लागेना. शेवटी एक शिवण उसवून आणि पुन्हा शिवून पाहिल्यावर उलगडा झाला. शिवण घालून कापड उलटून दाबले की घडीच्या वळणात थोडे कापड जाते. पातळ सुती कापडात ते एखाद-दोन धाग्यांइतके असते, पण माझे ड्रिल जाड असल्यामुळे दर शिवणीला ०.७ मिलिमीटर घडीतच जात होते. क्विल्ट करणारे लोक नेहमी पाव इंचाला किंचित कमी अशी शिवण घ्यायला सांगतात. ते मी वाचले होते, पण "किंचित" हे काही माप नव्हे म्हणून मनावर घेतले नव्हते.

उपाय सोपा होता. सुईपासून बरोबर ६ मिलिमीटरवर, सुईखालच्या प्लेटला चार व्हिजिटिंग कार्डांची एक गड्डी चिकटपट्टीने बसवली आणि कापडाची कड तिला टेकवून शिवू लागलो. पुढचा ठोकळा २४१ भरला. आधीचे ११ उसवून पुन्हा शिवावेत म्हणून बसलो, तर जुन्या ड्रिलमध्ये सुईच्या भोकांची रांग तशीच राहते आणि त्या रांगेवर कापड फाटते, असे दिसून आले. ते ११ ठोकळे मी पिशवीत भरून टेरीकॉटच्या पँटींसोबत ट्रंकेत टाकले.

दिवाळीनंतर आत्या महिनाभर राहायला आली. आत्या सातारा जिल्ह्यातली, कोरेगाव तालुक्यातली. तिच्याकडे गोधडी म्हणत नाहीत, वाकळ म्हणतात. माझा आलेखाचा कागद, चटई, कटर आणि व्हर्निअर तिने कौतुकाने पाहिले आणि कसले तरी दुखणे ऐकून घ्यावे तसे माझे चार मिलिमीटरचे गाऱ्हाणे शांतपणे ऐकून घेतले. मग तिने ट्रंक उघडायला लावली. "आरं, ही काय वाया गेल्यात व्हय? वाकळ काय तुझ्या कंपनीच्या गेटातनं पास करून न्यायचीय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पत्नीकडून एक जुने नऊवारी लुगडे मागून घेतले, दिवाणखान्यात अंथरले, लांबीत चार घड्या केल्या आणि त्यावर लांब, सैल टाके घालून ते चार थर एकमेकांना टाचून टाकले. ते झाले की एका कोपऱ्यापासून सुरुवात. एक तुकडा ठेवायचा, त्याची कड नखाने आत मुडपायची आणि सगळ्या थरांतून धावदोरा घालायचा. मग त्याला लागून दुसरा तुकडा, पहिल्याची उघडी कड झाकेल असा. अशी ती चारी कडांनी फिरत, फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे सरकत होती. माझे ११ ठोकळे जागा मिळेल तसे बसले, काही सरळ आणि काही चक्क तिरपे. मध्ये उरलेल्या जागांत तिने नापास झालेले टेरीकॉट लावले. मी हरकत घेतली. "आत्या, हे आटत नाही, सुती आटेल." तिने लुगड्याचा काठ उचलून दाखवला. "हे पस्तीस वर्सं धुतंय. ह्यात आटायचं काय ऱ्हायलंय?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो, आणि तिच्या हाताकडे पाहता पाहता माझ्या लक्षात आले की या दोन कामांत मूळ फरक मापाच्या संदर्भाचा आहे. कारखान्यात एखाद्या पट्टीवर दहा भोके पाडायची असतील तर दोन प्रकारे मापे देता येतात. पहिल्या भोकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे, अशी साखळीने मापे दिली तर प्रत्येक भोकाची चूक पुढच्यात मिसळते आणि दहाव्या भोकाशी तिचा ढीग होतो. सगळी मापे पट्टीच्या एकाच कडेपासून, म्हणजे डेटमपासून दिली तर प्रत्येक भोकाची चूक त्याच्यापुरतीच राहते. माझ्या पद्धतीत तुकडा शेजारच्या तुकड्याला जोडलेला असतो, म्हणून ती साखळी आहे. आत्याच्या वाकळेत प्रत्येक तुकडा खालच्या लुगड्यालाच शिवलेला असतो आणि शेजाऱ्याशी त्याचा संबंध फक्त कड झाकण्यापुरता असतो. एखादा तुकडा बोटभर लहान पडला तर पुढचा बोटभर जास्त सरकवला जातो, कोठे फुगवटा आला तर तो पुढच्या तुकड्याखाली मोडून टाकला जातो. कडेपासून आत का शिवायचे, हेही मला तेव्हाच समजले. तयार पृष्ठभाग असलेल्या क्विल्टमध्ये मध्यापासून बाहेर जावे लागते, कारण सैल पडलेले कापड कडेकडे ढकलत न्यायचे असते. वाकळेत वरचा पृष्ठभाग आधी तयारच नसतो, म्हणून ढकलायला काही उरत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया कवंदी नावाची गोधडी शिवतात तीही अशीच कडेने सुरू होऊन आत जाते, आणि तिच्या कोपऱ्यांना घडीच्या तुकड्यांचे "फूल" लावल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानत नाहीत. आत्याला हे सांगितले, तेव्हा तिने फुलाची कृती विचारली. मला ती नीट सांगता आली नाही.

आत्या गावी गेल्यावर मी माझे काम पुन्हा हाती घेतले. ३२ ठोकळे पुरे झाले, ओळी जोडल्या गेल्या आणि वरचा पृष्ठभाग ठरल्या मापात आला. मधल्या थरासाठी मी पॉलिएस्टरचे वॉडिंग मागवले होते, ते अंथरल्यावर दोन्ही कापडे त्यावरून घसरू लागली. शिवाय पुण्याच्या हवेत ते वर्षातून महिनाभर सोसवले असते. ते बाजूला ठेवून मी वडिलांची दोन धोतरे घेतली. पन्हा कमी पडत होता, म्हणून कडा एकमेकींवर न चढवता नुसत्या टेकवून हाताने जोडल्या, म्हणजे जोडावर जाड रेघ उठत नाही. अस्तराला मांजरपाट घेतला. नवा असल्यामुळे तो दोनदा कढत पाण्यातून काढला. फरशीवर अस्तर ताणून चिकटपट्टीने बसवले, त्यावर धोतरे, त्यावर पृष्ठभाग, आणि मध्यापासून सुरू करून दर मुठीएवढ्या अंतरावर सेफ्टी पिन लावत गेलो. दोन दिवस गुडघ्यांनी याची आठवण ठेवली.

मशीनवर टिपा घालण्याचा प्रयत्न मी एका तासात सोडला. आमच्या मशीनच्या सुईपासून तिच्या खांबापर्यंत हातभरही जागा नाही आणि त्यातून गुंडाळलेली गोधडी ओढताना तीन ठिकाणी अस्तराला चुण्या पडल्या. म्हणून हाताने धावदोरा घातला, दीड-दीड इंचावर सरळ उभ्या रेघांत. एकंदर ४१ रेघा, प्रत्येकी ८१ इंच, म्हणजे सुमारे ८४ मीटर. रोज संध्याकाळी दोन रेघा होत, आणि तीन आठवडे आमच्या घरात बातम्या मी फक्त ऐकल्या. ड्रिलमधून सुई ओढताना अंगुस्तान घातल्याशिवाय गत्यंतर नसते. शेवटी अडीच इंची पट्ट्या दुहेरी करून चारी बाजूंनी मगजी लावली. मगजीचे तीन कोपरे चांगले आले. चौथा पत्नीने उसवून पुन्हा केला, आणि तो कोणता हे आता मलाच ओळखता येत नाही.

त्यानंतर मी चार उशांचे अभ्रे केले, ते आत्याच्या रीतीने. मांजरपाटाच्या चौकोनावर मध्ये तांबडा तुकडा, त्याभोवती एकेक पट्टी उलटी ठेवून शिवायची आणि बाहेर उलटायची, म्हणजे लॉग कॅबिनचा नमुना होतो. खालच्या कापडाचा आधार घेऊन शिवण्याची ही तऱ्हा आधुनिक क्विल्टवाल्यांकडेही आहे, ती मला आधी दिसली नव्हती इतकेच. चारी अभ्रे पहिल्या खेपेत मापात आले. यासाठी तांबडे कापड मात्र मी नवे घेतले आणि ते तीनदा धुतले.

मार्चमध्ये माझी गोधडी आणि आत्याची वाकळ अशा दोन्ही गोष्टी पहिल्यांदा धुतल्या आणि गच्चीत उन्हात घातल्या. माझी गोधडी वाळल्यावर पावणेदोन किलो भरली, लांबीत एक इंच आणि रुंदीत पाऊण इंच आटली होती. ही नोंद मी आलेखाच्या त्याच कागदावर केली. आत्याची वाकळही मोजायला घेतली. रुंदी चार ठिकाणी मोजली, चार निरनिराळे आकडे आले, आणि धुण्याआधी मी ती मोजलीच नव्हती, हेही तेव्हाच ध्यानात आले. टेप गुंडाळून ठेवला. टेरीकॉटच्या तुकड्यांभोवती कोठेही चुणी पडलेली नव्हती.